हिशेब कोणापुढे?

लूककृत शुभवर्तमानातील अन्यायी कारभाऱ्याचा दाखला आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. धन्याने कारभाराचा हिशेब मागताच त्या गृहस्थाने कर्जदारांना एकेक करून बोलावले आणि शंभर मापे तेलाच्या जागी पन्नास, शंभर मापे गव्हाच्या जागी ऐंशी असे लिहून घेतले. कोठारातले तेल आणि गहू होते तेवढेच राहिले. बदलले ते कागद. आपल्या पदवी महाविद्यालयांतून दरवर्षी सिद्ध होणारे मूल्यमापनाचे अहवाल वाचताना आम्हांस हा दाखला आठवल्यावाचून राहत नाही.

हा विषय प्राध्यापकांचा, धर्मग्रामातील कुटुंबांना त्याचे काय, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर असे की, त्याची किंमत हीच कुटुंबे मोजतात. मारुंजी, हिंजवडी, ताथवडे या पट्ट्यात भातखाचरे हटली आणि संगणक कंपन्या व महाविद्यालये शेजारी शेजारी उभी राहिली. नगर, राहुरी, संगमनेर, वसई, गोवा येथून पिंपरी-भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पोटासाठी आलेली आपली माणसे मुलामुलींना अभियांत्रिकी, व्यवस्थापन वा औषधनिर्माणशास्त्राला घालतात. त्यासाठी बँकेचे कर्ज काढतात, प्रसंगी गावाकडचा जमिनीचा तुकडा विकतात. महाविद्यालय निवडताना त्यांच्या डोळ्यांपुढे असतो तो रस्त्यावरचा फलक आणि त्यावरची ‘ए प्लस प्लस’ ही ठळक अक्षरे. ती श्रेणी कशाच्या आधारे मिळाली, हे त्यांना कोणी सांगत नाही.

ती व्यवस्था थोडक्यात समजून घेऊ. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अनुषंगाने विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ साली बंगळूर येथे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे ‘नॅक’, स्थापन केली. त्याच वर्षी तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी ‘एनबीए’ हे मंडळ आले. नॅक संपूर्ण संस्थेला सात निकषांवर तपासते; एनबीए एकेका पदवी अभ्यासक्रमाला. नॅकच्या नियमानुसार प्रत्येक मानांकित महाविद्यालयातील अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाने दरवर्षी वार्षिक अहवाल सादर करावयाचा असतो. तत्पूर्वी महाविद्यालयाची पारख त्याच्या नावावर आणि इमारतीवर होत असे. तेव्हा हिशेब मागितला गेला हे योग्यच झाले. आमचे भांडण हिशेब मागण्याशी नाही.

भांडण आहे ते हिशेब लिहिण्याच्या रीतीशी. अभियांत्रिकीचेच उदाहरण घ्या. प्रत्येक विषयाच्या काही ‘निष्पत्ती’ ठरवितात, म्हणजे तो विषय शिकल्यावर विद्यार्थ्याला काय करता यावे. त्यांची सांगड संपूर्ण पदवीच्या निष्पत्तींशी १, २ किंवा ३ असा अंक देऊन घालतात. मग गुणांवरून ‘साध्यता’ काढतात. नमुन्यादाखल सांगायचे तर, साठ टक्के विद्यार्थ्यांनी ठरलेले गुण ओलांडले तर पातळी १, सत्तर टक्क्यांनी ओलांडले तर २, ऐंशी टक्क्यांनी ओलांडले तर ३. गणित निर्दोष आहे. परंतु ‘ठरलेले गुण’ ठरवितो कोण? ज्या विभागाची परीक्षा व्हावयाची, तोच विभाग. उंबरठा खाली आणला की सारे पार होतात. आणि एखाद्या वर्षी आकडा घसरलाच, तर ‘जादा तासिका घेतल्या’ एवढे एक वाक्य पुरते. ते पुढील वर्षीही जसेच्या तसे उतरविता येते. ज्या मुलाला तिसऱ्या सत्राचे गणित अखेरपर्यंत उमगले नाही, तो या कोष्टकात कोठेच दिसत नाही.

२०१७ साली नॅकने आपली पद्धत बदलली आणि सुमारे सत्तर टक्के भार आकड्यांत मांडता येणाऱ्या माहितीवर टाकला. हेतू चांगला होता; पाहणी समितीच्या मर्जीला आळा बसावा असा. पण आकड्याला पुरावा लागतो आणि पुराव्याला कागद. वृक्षारोपण झाले तर अक्षांश-रेखांश उमटलेले छायाचित्र, व्याख्यान झाले तर सह्यांची यादी, सहल गेली तर तिचा अहवाल. हे गोळा कोण करतो? बहुधा तोच प्राध्यापक, ज्याने त्या वेळात कच्च्या विद्यार्थ्याला जवळ बसवून घ्यावयाचे. त्यातही अनेक ठिकाणी तो तासिका तत्त्वावर नेमलेला, सत्र संपले की नोकरी संपणारा. अशा माणसाने अहवालात महाविद्यालयाची उणीव प्रांजळपणे लिहावी, ही अपेक्षा क्रूरच म्हणावयाची.

श्रेणीला बाजारमूल्य आले की कागदाच्या मागोमाग पैसा येतो. मार्च २०२३ मध्ये नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष, पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन यांनी मूल्यांकनातील गैरप्रकारांविषयी शंका जाहीर करून पद सोडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने आंध्र प्रदेशातील एका अभिमत विद्यापीठाच्या मूल्यांकन प्रकरणी लाचखोरीच्या आरोपावरून १० जणांना अटक केली; त्यांत पाहणी समितीचे अध्यक्ष व सदस्यही होते. न्यायालय काय तो निर्णय देईल. दरम्यान जानेवारी २०२४ मध्येच श्रेणी काढून टाकून केवळ ‘मानांकित’ वा ‘मानांकित नाही’ एवढेच सांगण्याची योजना नॅकने जाहीर केली होती. अक्षरे गेल्याने फलक लहान होतील. परंतु हिशेब लिहिणारा आणि तो मागणारा या दोघांच्यामध्ये शिकणारा मुलगा व त्याचे आईबाप यांना जोवर जागा नाही, तोवर मूळ दुखणे बरे होणार नाही.

काही सज्जन म्हणतात की, ख्रिस्ती संस्थांना या सरकारी सोपस्कारातून सूट असावी. आम्हांस हे मुळीच मान्य नाही. खुद्द पवित्रपीठाने २००३ साली युरोपातील विद्यापीठांच्या बोलोन्या प्रक्रियेत भाग घेतला आणि २००७ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ईशशास्त्रीय विद्यापीठांच्या गुणवत्तेची तपासणी करणारी स्वतंत्र संस्था स्थापन केली. ख्रिस्तसभा आपल्या पदव्यांचा हिशेब देते. आपली महाविद्यालये कोणत्या तोंडाने नाकारणार? उलट, हिशेब कसा द्यावा हे आपण शिकवावयास हवे. प्रायश्चित्त संस्कारापूर्वी आपण अंतःकरणाची झडती घेतो, तेव्हा पुण्यकृत्यांची छायाचित्रे बरोबर नेत नाही. जे चुकले ते आधी सांगतो, नेमक्या शब्दांत सांगतो आणि सुधारण्याचा निश्चय करतो. वार्षिक अहवालाचा क्रम हाच असावा.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. नॅकचे वार्षिक अहवाल महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर ठेवावे लागतात. ते गुप्त नाहीत. पण शेकडो रकान्यांचा तो इंग्रजी दस्तऐवज यंत्रशाळेतून थकून आलेल्या बापाने वाचावा कसा? त्याचा एका पानाचा मराठी गोषवारा करावा आणि पालकसभेत मोठ्याने वाचावा. त्यात तीन गोष्टी पहिल्या असाव्यात: दाखल झालेल्यांपैकी किती जण ठरलेल्या वर्षांत पदवीधर झाले, सर्वाधिक विद्यार्थी कोणत्या विषयात अडले आणि का, कायम प्राध्यापक किती व तासिका तत्त्वावरील किती. शिवाय गुणवत्ता कक्षावर स्थानिक समाज, विद्यार्थी व माजी विद्यार्थी यांचे प्रतिनिधी असावेत असा दंडक आहेच. ते प्रतिनिधी कोण, त्यांना सभेचे बोलावणे जाते काय, की केवळ सही घेतली जाते, हे जाहीर व्हावे. ज्या संस्था ख्रिस्ताच्या नावे चालतात, त्यांनी कोणी सांगण्याची वाट न पाहता यंदापासूनच हे सुरू करावे.

आणि पालकहो, एक गोष्ट आपल्याच हाती आहे. येत्या प्रवेशाच्या दिवसांत शुल्काची पावती घेण्यापूर्वी हे तीन प्रश्न कार्यालयात शांतपणे विचारा. उत्तर मिळाले नाही तर प्राचार्यांकडे जा. आपल्या धर्मग्रामातील शिकलेल्या तरुणांना सोबत न्या. तो इंग्रजी अहवाल त्यांना वाचता येतो. आपण आयुष्याची मिळकत ज्यांच्या हाती सोपवितो, त्यांच्याकडे हिशेब मागणे हा उद्धटपणा नव्हे. दाखल्यातल्या धन्यानेही तेच केले होते.