हवा टाइट म्हणजे सायकल फास्ट?

रविवारी पहाटे कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी आमची सात-आठ जणांची टोळी जमते. चहा होतो आणि मग कधी भोर, कधी वेल्हे. निघण्याआधी कुणीतरी टायर बोटांनी दाबून बघतो आणि हमखास म्हणतो, "कमी वाटतेय रे, मार अजून." इतक्या वर्षांत "जास्त आहे, सोड थोडी" असं कुणी म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यापासून मी म्हणायला लागलोय, त्यामुळे टोळीत जरा बदनाम आहे.

त्याला कारण माझा डावा कोपर. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना मार्गासनीच्या अलीकडे एका उतारावर पावसाने बारीक खडी रस्त्यावर आणून टाकली होती. माझ्या सायकलला २५ मिलिमीटरचे टायर आणि त्यांत ११० पीएसआय हवा. टायरच्या कडेला 'कमाल ११५' असं छापलेलं होतं, म्हणजे मी पाच कमीच ठेवले होते, अशी माझी समजूत. वळणावर पुढचं चाक खडीवरून उड्या मारत गेलं, कुठे धरलंच नाही. मी खाचराच्या बांधाला. माझ्या मागून येणारा मित्र माझ्यापेक्षा दहा-बारा किलोंनी जड, पण टायर २८चे आणि हवा ७५. त्याच खडीवरून तो सरळ पुढे गेला, थांबला आणि मला उचलायला परत आला.

कडेला छापलेला कमाल आकडा ही मर्यादा असते. लिफ्टमध्ये 'आठ व्यक्ती' लिहिलेलं असतं म्हणून आठ जण जमेपर्यंत आपण थांबत नाही. टायरच्या बाबतीत मात्र आपण थांबतो.

जास्त हवेचा आग्रह अगदीच बिनबुडाचा नाही. चाक फिरताना टायर जमिनीपाशी दबतं आणि पुन्हा फुगतं, त्यात थोडी ताकद उष्णता होऊन वाया जाते. हवा वाढवली की दबणं कमी, नुकसान कमी. प्रयोगशाळेत गुळगुळीत पोलादी ड्रमवर टायर फिरवलं तर हे बरोबर दिसतं. पण वेल्ह्याचा रस्ता म्हणजे पोलादी ड्रम नव्हे. तिथे ठिगळावर ठिगळ आहे. योग्य हवेचं टायर खडा आपल्या पोटात घेतं. दगडासारखं फुगवलेलं टायर त्या खड्यावरून अख्खी सायकल आणि वर बसलेला माणूस दोघांनाही उचलतं. ती उचलायची ताकद तुमच्याच पायांतून जाते आणि हात, पाठ, मांड्या थरथरवण्यात संपते. म्हणून एका मर्यादेपर्यंत हवा वाढवून फायदा होतो आणि त्यापुढे सायकल उलट जड होते. रस्ता जितका खराब, तितकी ही मर्यादा खाली. शिवाय हिशोब एकतर्फी आहे: हवा पाच-सात पीएसआय कमी पडली तर नुकसान किरकोळ, तेवढीच जास्त झाली तर बरंच मोठं.

मग टाइट हवेवर वेग जास्त का वाटतो? थरथरीमुळे. हँडल गुणगुणायला लागलं की आपण पळतोय असं वाटतं. मीही त्याच भ्रमात होतो.

खरं तर हवेच्या टायरचा जन्मच आरामासाठी झाला. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीला हवेच्या रबरी नळ्या बसवल्या, कारण भरीव चाकांनी पोराला धक्के बसत होते. पुढच्याच वर्षी विली ह्यूमने तसेच टायर लावून तिथल्या शर्यती जिंकल्या. आराम शोधायला गेले आणि वेगही हाती लागला. तरीही शंभर वर्षं आपण या दोघांना एकमेकांचे वैरी समजत राहिलो. व्यावसायिक शर्यतपटूही पंधरा-वीस वर्षांपूर्वी २३ मिलिमीटरच्या टायरांत ११० ते १२० पीएसआय भरायचे. आता ते २८ किंवा त्याहून रुंद टायर आणि सत्तरच्या आसपास हवा वापरतात. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर भोर आणि राजगड (म्हणजे आपला वेल्हे) तालुक्यांतून गेली तेव्हा मी रस्त्याकडेला उभा राहून माणसांपेक्षा टायरच जास्त बघितले. त्या शर्यतीसाठी डांबर नवं केलं होतं. आतल्या वाड्या-वस्त्यांच्या रस्त्यांना ते भाग्य नाही.

भोर माझं आजोळ. तिथे बाजारात एका चाचांचं पंक्चरचं दुकान होतं. पाण्याचं घमेलं, कानस, सोल्युशनची ट्यूब आणि एक हातपंप. हवा मोजायचा काटा कधीच नव्हता. पंपाला हात लावण्याआधी चाचा विचारायचे, "कुठं चाललाय? मागं काय घालणार?" भाटघरकडून येणाऱ्या दूधवाल्याच्या मागच्या चाकात कडक हवा, कारण किटल्यांचं ओझं मागे. पुढच्यात थोडी नरम, अंगठा किंचित आत जाईल इतकी. शाळेच्या पोरांना दोन्हीकडे कमी. रस्ता, वजन, पुढचं चाक, मागचं चाक: आज इंटरनेटवरचे टायरचे कॅल्क्युलेटर हेच विचारतात.

आमच्या समाजाला हिणवायचं असलं की 'पंक्चरवाले' म्हणतात. यात शिवी नेमकी कुठली, हे मला अजून उमगलेलं नाही. ज्यांना आपल्या टायरात किती हवा हवी हे ठाऊक नाही, त्यांनी तरी हा शब्द वापरू नये. पण चाचांच्या अंगठ्याचं मला उगाच कौतुकही करायचं नाही. जाड देशी टायरला तो अंगठा चालायचा. रोड सायकलच्या बारीक टायरवर सत्तर आणि शंभर दोन्ही अंगठ्याला सारखेच लागतात. तिथे काटाच लागतो.

माझं वजन ७२ किलो, टायर आता २८चे. कापूरहोळवरून भोरच्या बऱ्या रस्त्याला मी मागे ७२ आणि पुढे ६७ ठेवतो. वेल्ह्याच्या आतल्या रस्त्यांना मागे ६५, पुढे ६०. पाऊस असला तर आणखी तीन-चार कमी. तुमच्या वजनात दहा किलोंचा फरक असेल तर सात-आठ पीएसआय इकडे-तिकडे. टायर २५चे असतील तर जास्त लागेल, ३२चे असतील तर बरीच कमी. काही नव्या रिमांना आतून आकडी नसते, त्यांत ७२च्या वर जाऊच नका, टायर निसटू शकतं. आणि खड्ड्यात आपटून ट्यूबला साप चावल्यासारखी दोन भोकं पडली, तर समजा हवा फार सोडली. पाच वाढवा.

नसरापूर ते मार्गासनी हाच तुकडा मी पाच रविवार वेगवेगळ्या हवेवर चालवला. कमी हवेवर दोन-एक मिनिटं वाचली. वारा आणि आदल्या रात्रीची बिर्याणी यांचाही त्यात हात असेल, म्हणून याला मी पुरावा म्हणत नाही. घरी आल्यावर हाताला मुंग्या येणं बंद झालं, ते मात्र नक्की.

परवा भोरला चाचांच्या मुलाकडे थांबलो. आता तिथे कॉम्प्रेसर आहे, आकडे दाखवणारा काटा आहे. "किती मारू, भाई?" म्हणाला. मी ऐटीत ७२ सांगितले. त्याने माझ्या पिशव्यांकडे बघितलं, मग चाकाकडे.

"वरंधला चाललाय का?"

"हो."

"मग पासष्टच घ्या. हिर्डोशीच्या पुढं रस्ता खणलाय."