नव्वदीची गाणी : दिसलेली आणि नुसती ऐकलेली

स्मरणरंजन हा आपल्याकडचा एक जुना आणि निरुपद्रवी छंद आहे. नाट्यसंगीताच्या सुवर्णकाळाविषयी आजोबा बोलत, भावगीतांच्या आणि रेडिओच्या दिवसांविषयी वडील बोलत, आणि आता नव्वदीच्या दशकात वयात आलेली पिढी केबल टीव्हीच्या पहिल्या दिवसांविषयी बोलते. त्यात गैर काही नाही. मात्र या ताज्या स्मरणरंजनाची एक गंमत अशी, की ते कोणीही केले तरी त्यातली यादी जवळजवळ तीच असते. बाबा सहगलचे ‘ठंडा ठंडा पानी’, अलिशा चिनॉयचे ‘मेड इन इंडिया’, लकी अलीचा ‘सुनो’, कलोनियल कझिन्स, दलेर मेहंदी, युफोरिया, फाल्गुनी पाठक. जोडीला दूरदर्शनवरचे ‘सुरभि’ आणि ‘सुपरहिट मुकाबला’, झी टीव्हीवरची ‘अंताक्षरी’ आणि ‘सा रे ग म’. ‘नव्वदीची गाणी’ म्हटले की पुण्यातला माणूस हीच नावे घेतो, नागपुरातलाही हीच घेतो, आणि कॅलिफोर्नियातल्या महाराष्ट्र मंडळातलाही हीच घेतो.

यादी खोटी नाही. ती गाणी खरोखरच गाजली, आणि त्यांतली काही आजही ऐकावीशी वाटतात. पण ही यादी नेमकी कशाची आहे, हे एकदा तपासून पाहायला हवे. माझे म्हणणे असे, की ही त्या दशकात ऐकलेल्या गाण्यांची यादी नसून पाहिलेल्या गाण्यांची यादी आहे. आणि या दोहोंत जो फरक पडतो, त्यात महाराष्ट्राचा फार मोठा भाग हरवतो.

थोडे मागे जाऊ. 1991 साली स्टार टीव्ही उपग्रहावरून भारतात दिसू लागला आणि त्याच्याबरोबर एम टीव्ही आला. ऑक्टोबर 1992 मध्ये झी टीव्ही सुरू झाला. 1994 मध्ये स्टार आणि एम टीव्ही यांची फारकत झाली, तेव्हा स्टारने त्या जागी चॅनल व्ही आणला. 1996 मध्ये एम टीव्ही भारतासाठी वेगळी वाहिनी घेऊन परतला. म्हणजे दशकाच्या मध्यावर आपल्याकडे चोवीस तास गाणी दाखवणाऱ्या दोन वाहिन्या होत्या, आणि त्यांना दाखवायला चित्रफिती हव्या होत्या. हिंदी चित्रपटांतली गाणी होतीच. परंतु वाहिनीला स्वतःचा चेहरा द्यायचा तर चित्रपटाबाहेरचेही काही लागते. ती गरज ज्या संगीताने भागवली, त्याला पुढे ‘इंडिपॉप’ हे नाव पडले.

चित्रपटाबाहेरचे लोकप्रिय गाणे हे काही नव्वदीचे अपत्य नव्हे. बंगळूरचा बिड्डू इंग्लंडमध्ये नाव कमावून बसला होता. त्याने नाझिया हसनकडून 1981 मध्ये ‘डिस्को दीवाने’ गाऊन घेतले तेव्हा भारतात एम टीव्ही नव्हता. त्याच बिड्डूने 1995 मध्ये अलिशाचे ‘मेड इन इंडिया’ केले. चौदा वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन गाण्यांची आठवण आपण कशी काढतो, ते पाहावे. पहिल्याचा उल्लेख होताच नाझियाचा आवाज आठवतो. दुसऱ्याचा उल्लेख होताच सिंहासनावरची राणी आणि पेटीतून निघणारा मिलिंद सोमण आठवतो. लकी अलीच्या गाण्याबरोबर इजिप्तमधले पिरॅमिड येतात, फाल्गुनी पाठकच्या गाण्यांबरोबर शाळा-कॉलेजातल्या मुलींची एखादी छोटी गोष्ट येते. दलेर मेहंदीची गाणी त्यांत नाचणाऱ्या सुंदर मुलींमुळे चालतात, अशी टीका झाली म्हणून 1998 च्या ‘तुनक तुनक तुन’मध्ये त्याने चारही भूमिका स्वतःच केल्या, असे सांगितले जाते. टीकेचे हे उत्तरसुद्धा एक चित्रफीतच होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गाण्याला चेहरा असल्याशिवाय ते अस्तित्वातच नाही, असा तो व्यवहार होता.

आता दुसऱ्या यंत्राकडे वळू. ते यंत्र म्हणजे कॅसेट. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि ग्रामोफोन कंपनीची वर्षानुवर्षांची मक्तेदारी मोडली. टी-सीरिज, व्हीनस यांसारख्या कंपन्या उभ्या राहिल्या. तबकडी काढायची तर भांडवल, कारखाना आणि देशभरचा खप लागे. कॅसेट मात्र एका जिल्ह्यात खपली तरी परवडे. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने उत्तर भारतातल्या या घडामोडीवर 1993 मध्ये ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तक लिहिले. त्याचा मुख्य मुद्दा महाराष्ट्रालाही जसाच्या तसा लागू पडतो : ज्यांच्या गाण्याला मोठ्या कंपन्यांच्या दारात क्वचितच प्रवेश मिळे, त्यांना कॅसेटने बाजार दिला.

आपल्याकडे त्या बाजाराचे सम्राट होते शिंदे. प्रल्हाद शिंदे यांचा विठ्ठलाला आणि गणपतीला आळवणारा आवाज गावोगावच्या कर्ण्यांतून घुमत होता. तोच आवाज भीमगीतेही गात होता आणि कव्वालीच्या सामन्यांतही उतरत होता. त्यांचे चिरंजीव आनंद आणि मिलिंद यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून जी लोकगीते गायिली, त्यांनी महाराष्ट्र अक्षरशः नाचवला. एका पोपटाविषयीचे आनंद शिंद्यांचे गाणे ठाऊक नाही असा त्या पिढीचा मराठी माणूस शोधून काढावा लागेल. याच काळात वर्सोव्याच्या वेसावकर आणि मंडळींनी कोळीगीतांना नव्या ठेक्यावर आणले, आणि ती गाणी कोळीवाड्यांच्या पुष्कळ बाहेर, देशावरच्या वरातींतही वाजू लागली. वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींनी आयुष्यभर लिहिलेली गाणी कॅसेटींवरून चौदा एप्रिलच्या मिरवणुकांत, वस्त्यांत आणि घराघरांत पोहोचली. वडापच्या जीपमध्ये, रसवंतिगृहात, एसटी स्टँडबाहेरच्या टपरीवर, हळदीच्या मांडवात आणि बेंजो पार्टीच्या गाड्यावर नव्वदीचे दशक वाजत होते, ते हे असे.

लोकप्रिय संगीताची कोणतीही सरळ व्याख्या घ्या. पुष्कळ लोकांनी ऐकलेले, विकत घेतलेले, ज्यावर नाचले गेले असे, चटकन तोंडी बसणारे, नव्या वाद्यांना न बिचकणारे. या प्रत्येक कसोटीवर मराठी पॉप संगीत म्हणून जे काही होते, ते हेच होते. तरीही नव्वदीच्या संगीतावरच्या लेखांत, कार्यक्रमांत, याद्यांत त्याचा पत्ता नसतो. आलाच, तर ‘लोकसंगीत’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात येतो, जणू त्याला साल-तारीख नाही आणि ते अनादी काळापासून आपोआप वाजत आले आहे.

असे का व्हावे? एक कारण उघड आहे. ही गाणी दूरचित्रवाणीवर फारशी दिसली नाहीत. संगीतवाहिन्यांना मराठीशी कर्तव्य नव्हते. मुंबई दूरदर्शन मराठी होते, पण त्याची संगीतविषयक अभिरुची भावगीत, नाट्यगीत आणि अभंग यांच्या परिघात घडलेली. लोकगीत तिथे येई ते बहुधा फेटा बांधून, इस्त्री करून. खासगी मराठी उपग्रह वाहिनी यायला 15 ऑगस्ट 1999 उजाडले. त्या दिवशी ‘अल्फा मराठी’ सुरू झाली (तीच पुढे ‘झी मराठी’ झाली) आणि तिच्यावरच्या ‘आभाळमाया’ने मराठी दूरचित्रवाणीचा नवा अध्याय लिहिला. मंगेश कुळकर्णींचे शब्द, अशोक पत्कींचे संगीत आणि देवकी पंडितांचा स्वर असलेले तिचे शीर्षकगीत घराघरांत पाठ झाले. भावगीताची परंपरा मालिकेच्या शीर्षकगीतात आश्रयाला आली, असे म्हटले तरी चालेल. गाणे उत्तम होतेच. पण मराठी गाण्याला अखेर पडदा मिळाला, तेव्हा तो कोणत्या मराठी गाण्याला मिळाला, हेही नोंदवून ठेवावे.

दुसरे कारण जरा अडचणीचे आहे. आठवणी लिहितो कोण? ज्याच्या घरी दशकाच्या मध्यावर केबलची जोडणी होती, जो पुढे शिकला, संगणकाशी लवकर परिचित झाला आणि ज्याला मराठी टंकता येऊ लागले, तो. त्याने जयंतीच्या मिरवणुकीतली गाणी ऐकली नव्हती असे नाही. खिडकी बंद केली तरी ती ऐकू येतच होती. परंतु ती ‘आपली’ म्हणून त्याने मनात ठेवली नाहीत. त्याला तो गोंगाट वाटला. हा फरक अभिरुचीचा आहे असे आपण म्हणतो. पण एकाच शहरात, एकाच वर्षी, एका गाण्याला ‘आमचे बालपण’ म्हणायचे आणि दुसऱ्याला ‘कर्णे’, ही निवड केवळ कानाने होत नाही. तिच्यात जात आहे, वस्ती आहे, आणि कोणाच्या आनंदाला संस्कृती म्हणायचे याचा जुना हिशोब आहे.

1997 चे उदाहरण घेऊ. स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त त्या ऑगस्टमध्ये ए. आर. रहमानचा ‘वंदे मातरम्’ आला. नव्वदीची कोणतीही यादी त्याच्याशिवाय पुरी होत नाही, आणि होऊही नये. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, 11 जुलैला, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. काही दिवसांतच विलास घोगरे या शाहिराने आत्महत्या केली. त्यांचे गाणे आनंद पटवर्धन यांनी 1985 च्या ‘हमारा शहर’मध्ये चित्रित केले होते; 2011 मध्ये पूर्ण झालेल्या ‘जय भीम कॉम्रेड’ची सुरुवातच त्यांच्यापासून होते. घोगरे यांचे गाणे लोकप्रिय संगीत नव्हते, ते चळवळीचे गाणे होते. परंतु ‘1997 मध्ये मुंबईत काय गायिले जात होते?’ या प्रश्नाचे उत्तर देताना एक गाणे आपोआप आठवावे आणि दुसऱ्यासाठी कोणाला तरी चौदा वर्षे खपून माहितीपट करावा लागावा, यातच आपल्या स्मरणाची रचना दिसून येते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला दर्जाचा. कॅसेटवरच्या त्या गाण्यांत पुष्कळ चावट, द्व्यर्थी आणि घाईने उरकलेला माल होता. हे अगदी मान्य. पण दर्जाची ही चाळणी फक्त एकाच ढिगाला का लावावी? ‘ठंडा ठंडा पानी’ हे एका अमेरिकन रॅपगीतावरून बेतलेले होते हे आपण कौतुकाने सांगतो. तेच एखाद्या कोळीगीताने केले तर चोरी म्हणतो. लोकप्रिय संगीताचा बराचसा भाग सामान्यच असतो. आपल्या बालपणाला माफ केलेली सामान्यता दुसऱ्याच्या बालपणालाही माफ करावी, एवढीच मागणी आहे.

दुसरा आक्षेप असा, की ती गाणी कुठे विसरली गेली आहेत? ती तर आजही वाजतात. हे केवळ खरे नाही, तर महत्त्वाचे आहे. इंडिपॉपचा भर दशक सरता सरता ओसरला. कंपन्यांचा पैसा चित्रपटसंगीताकडे वळला, शान आणि केके यांच्यासारखे गायक पार्श्वगायनात स्थिरावले, आणि ज्या चॅनल व्हीने हे सारे दाखवले तो 2018 मध्ये भारतात बंदही पडला. उलट प्रल्हाद शिंद्यांची गाणी आषाढीला आणि गणपतीत आजही लागतात, भीमगीते दर चौदा एप्रिलला नव्याने ध्वनिमुद्रित होतात, आणि शिंद्यांची तिसरी पिढी, आदर्श शिंदे, मराठी चित्रपटांत आघाडीवर गाते आहे. म्हणजे जे संपले त्याच्या आठवणी आपण लिहितो, आणि जे टिकले त्याचा इतिहास कोणी लिहीत नाही. वाजत राहणे आणि नोंदले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाणारे गेले, की गाण्याचे शब्द कोणाचे, चाल कोणाची, ढोलकीवर कोण होते, ध्वनिमुद्रण कोणत्या स्टुडिओत झाले, हे सांगणारे कोणी उरत नाही. कॅसेटींच्या वेष्टनांवरची बारीक अक्षरे हाच पुष्कळदा त्याचा एकमेव कागद, आणि त्या कॅसेटी आता माळ्यावर बुरशी धरून आहेत किंवा भंगारात गेल्या आहेत. प्रल्हाद शिंदे आणि वामनदादा दोघेही 2004 मध्येच गेले. त्यांच्याबरोबर वाजवणारे, कोरसमध्ये गाणारे आता वृद्ध आहेत. त्यांना विचारायला फार वेळ उरलेला नाही.

तेव्हा ‘मेड इन इंडिया’ जरूर आठवावे. माझा त्याला विरोध नाही. तो सिंहासनाचा थाट मलाही आवडतो. पण पुढच्या वेळी नव्वदीची यादी करायला बसाल, तेव्हा डोळे मिटून करा. पडद्यावरचे चेहरे बाजूला सारल्यावर त्या दहा वर्षांत कानांवर नेमके काय पडत होते, ते आठवा. घरातल्या कोणाकडे, शेजारी, गावी, जुन्या कॅसेटींचा खोका शिल्लक असेल तर तो उघडा आणि वेष्टनावरची नावे उतरवून घ्या. त्या खोक्यात सापडेल ते कदाचित तुमच्या आवडीचे नसेल. पण ते तुमच्या दशकाचे नक्की असेल.