मेळाव्याचे फोटो धुवून घ्या, पण चेहरा आपलाच राहू द्या

१३ ऑक्टोबरला येवल्याची मुक्तिभूमी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरची दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी. आपली माणसे लेकराबाळांसह जातात आणि मोबाईलवर भरपूर फोटो काढतात. परंतु चार महिन्यांनी ते फोटो कुठे असतात? मोबाईल भरला की पुसले जातात, मोबाईल फुटला की त्याच्याबरोबर जातात. म्हणून या वेळी आम्ही फोटो धुवून घेण्याविषयी लिहीत आहोत.

हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. २ मार्च १९३० रोजी आपल्या नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १९३५ साली बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंनी दीक्षा घेतली. बाबासाहेबांचे, दादासाहेब गायकवाडांचे फोटो आपण पुस्तकांत पाहतो. पण भाकरी बांधून तिथे गेलेल्या आपल्या आजी-आजोबांचा त्या दिवसाचा फोटो किती घरांत आहे? तेव्हा कॅमेरा गरिबाच्या हाती नव्हता. आज आहे, तर त्याचा उपयोग नीट करावा.

मेळाव्यात बहुतेकांच्या अंगावर पांढरे कपडे असतात. एवढे पांढरे दिसले की कॅमेरा आपोआप उजेड कमी करतो आणि चेहरे काळवंडतात. त्यासाठी फोटो काढताना पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवावे. दुपारचे ऊन डोक्यावर असेल तर सावलीत उभे राहावे. डोक्यावर थोडी जागा सोडावी. कारण मोबाईलचा फोटो ४ बाय ६ इंचाच्या कागदावर पूर्ण मावत नाही, सुमारे नववा हिस्सा कापला जातो. मागच्या रांगेतल्यांची डोकी जातात ती अशी!

स्टुडिओत फोटो देताना व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवू नये, त्यात तो बारीक होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा किंवा पेनड्राइव्हमध्ये न्यावा. आधी एकच प्रिंट काढून पाहावी, मग बाकीच्या सांगाव्यात.

आता महत्त्वाचे. पुष्कळ ठिकाणी न विचारता चेहरा गोरा करून देतात. मोबाईलमधली 'ब्यूटी'ची सोयही तेच करते. ही खोड जुनी आहे. पूर्वी कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी लॅबला एक नमुना कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा चेहरा बरोबर आला की काम झाले. सावळ्या माणसाचे नाकडोळे अंधारात गेले तरी चालत असे. तेव्हा स्टुडिओवाल्याला स्पष्ट सांगा, "दादा, चेहऱ्यावर उजेड आणा, पण रंग बदलू नका." उन्हातान्हात राबलेल्या आईचा सावळा, सुरकुतलेला चेहरा तसाच आला पाहिजे. ती लाजेची नव्हे, अभिमानाची बाब आहे. नातवंडांनी खरी आजी पाहावी, पावडर लावलेली दुसरीच बाई नको.

फोटो घरी आले की काम संपले असे नाही. कचेरीत आम्ही रोज पाहतो, ज्या कागदावर तारीख नाही त्याला कोणी विचारत नाही. फोटोचेही तसेच आहे. मागे बॉलपेन दाबून लिहू नये, पुढे वळ उठतो. चिठ्ठीवर नावे, स्थळ आणि तारीख लिहून ती अल्बमच्या कप्प्यात फोटोमागे ठेवावी. बायकांची नावेही लिहावीत. 'अमक्याची आई' एवढ्यावर भागवू नये. चिकट पानांचा अल्बम टाळावा, फोटो पानाला कायमचा चिकटतो. जुन्या रोलच्या निगेटिव्ह घरात असतील तर फेकू नका, त्यांवरून आजही प्रिंट काढता येते.

शंभर फोटो धुण्याची ऐपत नसेल तर पाचच धुवा. पण त्यांत घरातले सर्वांत वयस्कर माणूस आणि सर्वांत लहान लेकरू, दोघेही असू द्या.