शिल्लक ठेवलेले एक वाहन

श्रावकाच्या बारा व्रतांपैकी सहावे व्रत दिशांच्या मर्यादेचे आहे. व्यापारासाठी वा प्रवासासाठी कोणत्या दिशेला किती दूर जायचे, याची सीमा गृहस्थाने स्वतःच आखावी, असे ते सांगते. दहावे देशावकाशिक व्रत ही सीमा एका दिवसापुरती आणखी आवळते. रोज सकाळी धारावयाचे चौदा नियम याच अंगाने येतात. सचित्त, द्रव्य आणि विगई यांच्याबरोबर त्या यादीत वाहन आणि दिशा यांचीही गणना आहे. पूर्वी वऱ्हाडातल्या व्यापाऱ्याची वाहने म्हणजे दमणी, बैलगाडी आणि आगगाडी. आता त्याच घरांतील मंडळी सुट्टीत समुद्रपर्यटनाला निघतात. मग सकाळी धारलेल्या नियमांचे दिवसभरात काय होते, हे अकोल्याच्या एका कुटुंबाच्या दीव बेटावरील एका दिवसातून पाहण्यासारखे आहे.

सरकी-ढेपेचा व्यापार करणाऱ्या या घरातील दादींचे वय पंच्याहत्तर. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांचे दर्शन घेत त्यांचे आयुष्य गेले. समुद्र त्यांनी पाहिला होता तो मुंबईच्या किनाऱ्यावरून. नाताळच्या सुट्टीत जहाजाने जाण्याचा बेत मुलाने केला, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मार्गात तीर्थ कोणते?" जहाज दीवला थांबणार आणि तेथून अजाहरा पार्श्वनाथ फार दूर नाही, हे कळताच त्या तयार झाल्या. अमरावतीहून कापडाचे व्यापारी असलेले जावई, मुलगी आणि लहान नात रात्रीच्या गाडीने निघाली. अकोल्याला मुलगा, सून, सातवीतला नातू आणि दादी त्याच गाडीत चढली. सात माणसे मुंबईला पोचली आणि संध्याकाळी जहाजावर आली.

मुलाच्या मनावर मात्र एक ओझे होते. आईचे उकळलेले पाणी, कंदमुळाशिवायचा स्वयंपाक आणि चौविहार या सर्वांची व्यवस्था त्याने जहाजाच्या स्वयंपाकघरात आधीच सांगून ठेवली होती. तरीही कोठे ना कोठे नियम आडवा येईल आणि सर्वांच्या आनंदावर विरजण पडेल, ही धास्ती त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज दीवपासून काही अंतरावर नांगर टाकून उभे राहिले. किनाऱ्यावर जाण्यासाठी लहान बोटी होत्या. नवकारशी पारून दादी नियम धारायला बसल्या. नातू शेजारी होता. वाहनाचा नियम आला तेव्हा त्या बोटांवर मोजू लागल्या. जहाज एक. जाण्याची बोट एक. परतीची बोट दुसरी असेल, तर ती एक. किनाऱ्यावर दिवसभरासाठी ठरवलेली मोटार एक. चार झाली. क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "पाच."

"दादी, पाचवे कोणते?" नातवाने विचारले.

"ते अजून ठरलेले नाही, बेटा," दादी म्हणाल्या.

नागवा येथील अर्धचंद्राकृती किनाऱ्यावर मंडळी प्रथम गेली. होका नावाची, एकाच बुंध्याला दोन-दोन फांद्या फुटलेली ताडाच्या जातीची झाडे तेथे पाहायला मिळाली. किनाऱ्यावर मोटरबोटीच्या फेऱ्या चालू होत्या. नातवाने आई-वडिलांना तयार केले, आत्या-काकांना तयार केले आणि शेवटी तो दादींकडे आला. सर्वांनी एकत्र बसावे असा त्याचा हट्ट होता. एवढ्या लांब आल्यावर दादीच एकट्या वाळूत बसून राहणार, हे त्याला सहन होईना.

"तुमचे एक वाहन शिल्लक आहे ना, दादी?"

"आहे. पण ते मौजेसाठी ठेवलेले नाही."

"मग कशासाठी?"

"अडचणीसाठी."

नातू रुसला. फेरी झाली, पण ती त्याला गोड लागली नाही. मुलाने आईकडे पाहिले आणि काही न बोलता मान वळवली. ज्याची धास्ती होती ते सकाळीच घडले, असे त्याला वाटले.

तेथून मोटार पूल ओलांडून घोघल्यामार्गे देलवाड्याच्या बाजूला निघाली. दीवचा इतिहास व्यापाऱ्याने जाणून घ्यावा असा आहे. गुजरातच्या सागरी व्यापाराचे हे मोठे बंदर होते. 1535 मध्ये पोर्तुगिजांनी येथे किल्ला उभारायला घेतला, आणि 19 डिसेंबर 1961 रोजी त्यांची सत्ता संपली. चार शतकांहून अधिक काळ हे चिमुकले बेट एका दूरच्या राज्याच्या हाती राहिले, ते बंदराच्या मोलामुळे.

अजाहरा तीर्थाची कथाही व्यापाऱ्याच्याच जहाजापासून सुरू होते. परंपरा सांगते की रत्नसार नावाच्या सार्थवाहाचे जहाज या समुद्रात वादळात सापडले असता त्याला पार्श्वप्रभूंची प्रतिमा लाभली आणि तो सुखरूप दीव बंदरी पोचला. व्याधींनी गांजलेल्या अजयपाल राजाला त्या प्रतिमेच्या स्नात्रजलाने आरोग्य मिळाले, आणि राजाने येथे प्रभूंची प्रतिष्ठा केली. दर्शन आणि चैत्यवंदन झाले. दादी बराच वेळ डोळे मिटून बसल्या. सकाळपासून रुसलेला नातूही शेजारी येऊन बसला. जहाजाच्या कथेने त्याचे मन जरा निवळले होते.

भोजनानंतर मंडळी उन्याला गेली. जगद्गुरू हीरविजयसूरीश्वरजी 1595 मध्ये येथेच कालधर्म पावले. शाहबागेत त्यांचे समाधिस्थान आहे. महाराष्ट्राशी या महापुरुषाचे जुने नाते आहे: तरुणपणी न्यायशास्त्राच्या अभ्यासासाठी ते देवगिरीला राहिले होते. अकबराचे निमंत्रण आले तेव्हा ते गुजरातमध्ये गंधार येथे होते. बादशहाच्या सुभेदाराने प्रवासासाठी हत्ती, घोडे आणि पालखी देऊ केली. आचार्यांनी ती नाकारली आणि पायी विहार करीत 1583 मध्ये ते फतेहपूर सिक्रीला पोचले. पर्युषणाच्या दिवसांत जीवहिंसा बंद ठेवण्याचे फर्मान त्यांच्या उपदेशाचे फळ होय.

"म्हणजे त्यांचा वाहनाचा नियम शून्य," नातू हळूच म्हणाला.

"साधूंचा शून्यच असतो," दादी म्हणाल्या. "आपल्याला शून्य झेपत नाही, म्हणून आपण निदान मोजतो."

साडेतीन वाजता परतीचा प्रवास सुरू झाला. जहाजाकडे जाणारी शेवटची बोट पाचला होती. उन्यापासून दीव अर्ध्या-पाऊण तासाचे अंतर, म्हणजे वेळ भरपूर होता. पण देलवाडा मागे पडले आणि मोटारीच्या पुढच्या भागातून वाफ येऊ लागली. चालकाने गाडी बाजूला घेतली, झाकण उघडले, पाणी ओतले. गाडी पुन्हा चालू झाली आणि दोन मिनिटांत पुन्हा बंद पडली. दुसरी मोटार मागवायची तर ती दीवहून यायला वेळ लागणार. सव्वाचार झाले.

तेवढ्यात मागून धडधडत एक छकडा आला. पुढे मोटरसायकलचे तोंड, मागे उघडा हौदा, अशी ही सौराष्ट्राची तीनचाकी. चालकाने हात दाखवून तो थांबवला. सातही माणसे मावण्याइतकी जागा होती. मुलाच्या मनात एकच विचार आला: आता आईची समजूत कशी घालावी? प्रसंग पाहून नियम बाजूला ठेवावा लागतो, प्रायश्चित्त घेता येते, गुरुमहाराजही समजून घेतील, अशी वाक्ये त्याने मनाशी जुळवली. तो आईकडे वळला, तर मोटारीचे दार उघडून दादी खाली उतरलेल्या होत्या. त्या छकड्याकडे चालत निघाल्या आणि नातवाला म्हणाल्या, "हात दे. हे पाचवे."

मुलाची वाक्ये तोंडातच राहिली.

हौद्यात बसून, एकमेकांचे खांदे धरून, हादरे खात सारी मंडळी निघाली. अमरावतीची नात खिदळत होती. दादींचा पदर वाऱ्याने फडफडत होता आणि त्या एका हाताने कडी व दुसऱ्या हाताने नातवाचा दंड धरून बसल्या होत्या. सकाळी मोटरबोटीत जे जमले नाही, ते येथे आपोआप घडले: सातही जण एका वाहनात. पाचला दहा मिनिटे असताना छकडा धक्क्यावर पोचला.

जहाजावर साडेपाचला जेवणाची सोय झाली होती. दादी पानावर बसल्या. जवळच्या बटव्यात अकोल्याच्या सूर्यास्ताच्या वेळांची चिठ्ठी होती. तीत पावणेसहाच्या सुमाराची वेळ पाहून त्यांनी अर्ध्या पानावरच हात आखडता घेतला.

"थांबा दादी," नातू म्हणाला. "अकोल्यात सूर्य मावळला असेल, इथे नाही." शाळेच्या नकाशासंग्रहात त्याने पाहिले होते की अकोला आणि दीव जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, मात्र रेखांशात सहा अंशांचे अंतर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. सहा चोक चोवीस. घड्याळ दोन्हीकडे तेच, पण दीवचा सूर्य अकोल्याच्या मागे चोवीस मिनिटे.

हिशेब चोख होता. तरीही दादींनी डोळ्यांनी खात्री करायची ठरवली. मुलगा त्यांना हात धरून डेकवर घेऊन आला. पश्चिमेला पाण्यावर सूर्य चांगला वर दिसत होता. त्या परत आल्या, शांतपणे जेवल्या, पान धुऊन प्यायल्या आणि उकळलेल्या पाण्याचा पेला घेऊन पुन्हा वर गेल्या. अकोल्यात समोरच्या इमारतीमागे सूर्य लवकर दिसेनासा होतो, म्हणून त्या आयुष्यभर छापील वेळेवर विसंबल्या होत्या. येथे तो स्वच्छ दिसत असतानाच त्यांनी शेवटचा घोट घेतला आणि चौविहाराचे पच्चक्खाण केले.

मग सवयीप्रमाणे दिवसाचा हिशेब झाला. द्रव्ये धारली त्यापेक्षा कमी लागली. उरली ती लाभात. वाहने धारली पाच, लागली पाच.

"वाहनात लाभ शून्य," नातू म्हणाला.

"जमा-खर्च बरोबर आला, तोही लाभच," मुलगा म्हणाला. दिवसभरात आईच्या नियमाविषयी तो प्रथमच बोलला होता.

व्यापारी सगळी रक्कम मालात गुंतवत नाही. अडल्यानडल्यासाठी गल्ल्यात काही ठेवतो. तसे नियमातही ठेवावे लागते. फार घट्ट धारलेला नियम पहिल्याच अडचणीत मोडतो आणि घरच्यांना ओझे वाटतो. फार सैल धारला तर त्याला नियम म्हणण्यात अर्थ उरत नाही. सकाळी दोन मिनिटे बसून दिवसाचा अंदाज घेणे, एक जागा शिल्लक ठेवणे आणि ती मोहाच्या क्षणी खर्च न करणे, एवढेच या चौदा ओळींत शिकण्यासारखे आहे. प्रवासाने ते सुटत नाही; उलट त्याची कसोटी तेथेच लागते.

दुसरा दिवस जहाज पूर्णवेळ समुद्रातच राहणार होते. सकाळी दादी बसल्या, तेव्हा नातू आपणहून पुढे आला. त्यालाही वाहनाचा नियम धारायचा होता.

"आज कोठे उतरायचे नाही," दादी म्हणाल्या. "किती धारशील? एक?"

नातवाने विचार केला. पहिल्याच दिवशी जहाजावर संकटाच्या वेळी कोठे जमायचे, याची कवायत झाली होती आणि कडेला टांगलेल्या बोटी त्याने पाहिल्या होत्या.

"दोन," तो म्हणाला. "एक जहाज, आणि एक ती जीवरक्षक बोट. अडचणीसाठी."