मोक्याची जागा कुणाची?

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांची एकच खोली आणि मजल्यावर सामायिक संडास, अशा अवस्थेत ज्यांच्या पिढ्या सरल्या, त्यांना ५०० चौरस फुटांचे घर विनामूल्य मिळाले. वार्ता आनंदाची होती. परंतु त्यानंतरच्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात जो सूर कानी पडला, तो आनंदाचा नव्हता. "आम्ही वीस-वीस वर्षे बँकेचे हप्ते फेडायचे, पहाटेची विरार लोकल पकडायची, आणि ह्यांना वरळीत कोट्यवधींचे घर फुकट! सरकारने गरिबांना घरे जरूर द्यावीत. पण ती वरळीतच कशाला? बदलापूरच्या पलीकडे जमीन काय थोडी आहे?"

हे बोलणारी माणसे दुष्ट नव्हेत. कष्टाने संसार उभारणारी, दारी आलेल्याला विन्मुख न पाठवणारी अशी ती आपलीच माणसे आहेत. म्हणूनच त्यांच्या प्रश्नाला टाळून चालणार नाही. माझे उत्तर स्पष्ट आहे. शासनाने गरिबाला निवाऱ्यासाठी साहाय्य करायचे असेल, तर ते तो जिथे राबतो तिथे केले पाहिजे, मग ती वस्ती कितीही महाग असो. जे साहाय्य हातचे काम हिरावून घेते, त्याला साहाय्य म्हणणे ही भाषेची विटंबना आहे.

घर म्हणजे चार भिंती आणि छप्पर, असे आपण समजतो आणि इथेच आपली फसगत होते. गरिबाचे घर म्हणजे चार घरची धुणीभांडी उरकून दुपारी मुलांना जेवू घालण्याइतके जवळ असलेले ठिकाण, महापालिकेची शाळा, ओळखीचा वाणी आणि अडीअडचणीला धावून येणारी शेजारीण. १९८१ साली मुंबईतील पदपथवासीयांना हुसकावण्याची मोहीम निघाली, तेव्हा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १९८५ साली निकाल देताना मान्य केले की, ही माणसे हौसेने पदपथावर राहत नाहीत. काम जवळ असते म्हणून राहतात, आणि निवारा गेला की उपजीविका जाते. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय, असे तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित केले. पदपथ अडवण्याचा हक्क मात्र न्यायालयाने कुणाला दिला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

हे तत्त्व विसरले की काय घडते, ते पाहायचे असेल तर माहुलला जावे. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून २०१७ पासून तेथील कुटुंबांना माहुलच्या इमारतींत धाडण्यात आले. कागदोपत्री सारे यथास्थित होते: पक्के घर, वीज, पाणी, उद्वाहक. पण शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या! तेथील हवा रहिवाशांच्या आरोग्याला धोकादायक आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच म्हटले होते. काम दूर, शाळा दूर, आणि श्वासालाही महाग. अखेर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की, सुरक्षित पर्यायी घर देता येत नसेल, तर प्रत्येक कुटुंबाला दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्यावी. स्वस्त जागा शोधण्याचा हा अट्टाहास शेवटी कुणाला स्वस्त पडला?

आता 'कोट्यवधींच्या घरा'विषयी. वरळीची जमीन महाग कुणी केली? १९२०च्या दशकात ब्रिटिश सरकारने ह्या चाळी बांधल्या, त्या कामगार वस्तीसाठी. मुंबईच्या गिरण्या चालवल्या त्या घाटावरून आणि कोकणातून आलेल्या माणसांनी. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा संसार उधळला. पुढे १९९१च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी ठरवली: एक भाग मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि एक मालकासाठी. २००१ साली नियम असा बदलला की, वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरतीच उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. म्हणजे महागड्या वस्तीत गरिबाचा वाटा कायद्याने ठेवलेलाच होता. तो कुणी मागून नेला नाही, तो काढून घेण्यात आला. आज त्याच कामगारांना शेलू-वांगणीला घर दाखवले जाते, आणि 'मुंबईतच घर द्या' म्हणत म्हाताऱ्या माणसांना जुलै २०२५ मध्ये आझाद मैदान गाठावे लागते. ही लाचारी नव्हे, ही थकबाकीची वसुली आहे.

'आमच्या करातून हे चालते' हा आक्षेपही तपासून पाहावा. १९९५च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत काय, बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासात काय, खर्च प्रामुख्याने भागतो तो जादा बांधकामाची मुभा मिळून विकल्या जाणाऱ्या घरांतून. आपल्या हप्त्यातला रुपया तिथे जातो, ही समजूत खरी नाही.

हा प्रश्न मुंबईपुरता नाही. ब्रिटनमध्ये अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला घरभाड्यासाठी सरकारी भत्ता मिळतो. 'राबणाऱ्याला जिथे परवडत नाही, तिथे भत्त्यावर जगणाऱ्याने का राहावे?' हाच प्रश्न तिथेही गाजला. २०११ साली भत्त्याला मर्यादा आली: घर कितीही मोठे असो, आठवड्याला कमाल ४०० पौंड. २०१३ साली बहुतांश बेरोजगार कुटुंबांच्या एकूण साहाय्यालाच वर्षाला २६,००० पौंडांचा अडसर बसला. ऐकायला न्याय्य वाटते. पण लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागातील एका आजारी मातेला पाच मुलांसह घर सोडावे लागले, आणि पालिकेने तिला घर देऊ केले ते सुमारे ५० मैलांवर! २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पालिकेला फटकारले: मुलांची शाळा आणि जवळपासची घरे यांचा विचार न करता कुटुंबाला असे दूर लोटता येणार नाही.

विरोधकांचे एक म्हणणे मात्र मला मान्य आहे. फुकट मिळालेले घर विकून पुन्हा झोपडीत जाणारे आहेत. खोटे कागद करणारे दलालही आहेत. गरिबाला समुद्राचे दर्शन घडवण्याचे बंधन शासनावर नाही, हेही खरे. त्यावर इलाज आहे. सरसकट मालकी देण्याऐवजी शासनाने महाग वस्त्यांतच अल्प भाड्याची, विकता न येणारी घरे राखावीत. क्षेत्रफळ मर्यादित असावे, भाड्याला कमाल मर्यादा असावी. पण ती मर्यादा इतकी खाली नसावी की त्या प्रभागात एकही दार गरिबाला उघडू नये.

आणि विरार लोकल पकडणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो, तुमची तक्रार खोटी नाही. रोजचे तीन-चार तास डब्यात चेंगरून जाणे हा अन्यायच आहे. पण तो वरळीच्या चाळकऱ्याने केलेला नाही. ज्या बाजाराने तुम्हाला मुंबईबाहेर ढकलले, त्यालाच त्यालाही ढकलायचे आहे. आपल्याला झालेली जखम शेजाऱ्यालाही व्हावी, ही न्यायाची मागणी नव्हे. न्याय असा की, तुमच्यासाठीही कामाजवळ परवडणारे घर मागावे, आणि ज्याला ते मिळाले त्याच्या गृहप्रवेशाला आनंदाने जावे.

जे शहर आपल्या मोलकरणीला, सफाई कामगाराला, रखवालदाराला दिवसा आत घेते आणि रात्री बाहेर काढते, ते श्रीमंत असेल. पण त्याला घरंदाज कोण म्हणेल?