मूल नेमके कुठे अडले?

ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो, असे ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत आढळले. करोनाकाळात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण २०.५ टक्क्यांपर्यंत खाली आले होते. २०१८ मध्ये ते २७.३ होते. म्हणजे सहा वर्षांत आपण घसरलो, सावरलो आणि होतो तिथेच येऊन उभे राहिलो. पाचवीतही हा उतारा वाचू शकणारी मुले ४८.८ टक्केच. असे आकडे आले की शिक्षण खात्याचा प्रतिसाद ठरलेला असतो: शिक्षकांना आणखी साहित्य द्या. मग शब्दकार्डांच्या पेट्या, तक्ते, हस्तपुस्तिका, ‘दीक्षा’ या सरकारी पोर्टलवरचे व्हिडिओ, ‘निष्ठा’ या शिक्षक-प्रशिक्षणाचे ऑनलाइन अभ्यासक्रम आणि वर्षाकाठी एखादी मोहीम. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर रोज येऊन पडणाऱ्या पीडीएफ वेगळ्याच. प्राथमिक शिक्षकाकडे साहित्य नाही, ही तक्रार आता फारशी खरी उरलेली नाही. पण समोरचे मूल वाचताना कुठे अडले आणि का अडले हे ओळखायला मदत करणारे, मराठी लिपीचा स्वभाव धरून लिहिलेले असे त्याच्या हाती फार थोडे आहे, आणि माझ्या मते खरी उणीव तिथे आहे.

नुसत्या साहित्याने किती फरक पडतो, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ संस्थेच्या वाचनपद्धतीची बिहारच्या सरकारी शाळांत चाचणी घेतली. काही शाळांना फक्त साहित्य दिले, काहींना साहित्य आणि शिक्षकांचे प्रशिक्षण, तर काहींना या दोन्हींच्या जोडीला गावातले स्वयंसेवक. पहिल्या दोन प्रकारांत मुलांच्या वाचनात म्हणण्यासारखी सुधारणा झाली नाही. स्वयंसेवक होते तिथे झाली. यावरून सरकारी शिक्षकांना हे जमतच नाही, असा निष्कर्ष कुणी काढला असता. पण २०१२-१३ मध्ये हरियाणात सरकारी शिक्षकांनीच ते करून दाखवले. तिथे रोजचा एक तास या कामासाठी राखून ठेवला होता, मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार बसवले जात होते, आणि शिक्षकांच्या मदतीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः मुलांना शिकवून पाहिले होते. त्याच प्रयोगात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचाही कस लागला आणि त्याचा मुलांच्या शिकण्यावर परिणाम दिसला नाही. नोंदवह्या भरून दमलेल्या महाराष्ट्रातल्या शिक्षकांना याचे नवल वाटणार नाही. या सगळ्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती अधिकाऱ्यांची गोष्ट. ज्याने स्वतः मुलाला वाचताना ऐकले आहे, तो शिक्षकाशी मुलाबद्दल बोलतो. ज्याने ऐकलेले नाही, तो नोंदवहीबद्दल बोलतो.

आता मुलाकडे येऊ. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असे लक्ष्य ठेवले आहे. लक्ष्य असायला हरकत नाही. पण घड्याळ लावून मोजले तर मूल संथ वाचते एवढे कळते. का संथ वाचते, ते त्याच्या चुकांत दडलेले असते. एक मूल ‘कविता’ हा शब्द ‘किवता’ असा वाचते. ते निष्काळजी नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची, हा देवनागरीचा उफराटा व्यवहार त्याला अजून उमगलेला नाही, म्हणून त्याने ती आधीच्या ‘क’ला देऊन टाकली. दुसरे मूल ‘मार्ग’ला ‘माग्र’ म्हणते. रफार ‘ग’च्या डोक्यावर दिसतो, मग ‘ग’ आधी का नको, हा त्याचा तर्क अगदी सरळ आहे. तिसरे ‘करवत’ शब्दातली चारही अक्षरे एकेक करून ठणठणीत म्हणते आणि शब्द मात्र त्याच्या हाती लागत नाही, कारण बोलताना आपण ‘र’ आणि ‘त’ यांतला ‘अ’ गिळतो, हे त्याला कुणी ऐकवलेले नाही. चौथे ‘चारा’मधला ‘च’ ‘चार’मधल्यासारखा उच्चारते, लिपीत दोन्ही ‘च’ एकच असल्याने ते तरी काय करणार? आणि पाचवे मूल सगळा उतारा घडाघडा वाचते, पण गोष्टीतल्या मुलीने काय केले ते त्याला सांगता येत नाही. पाचही मुले सर्वेक्षणात ‘अप्रगत’ याच रकान्यात जाऊ शकतात. पाचांनाही बाराखडी पुन्हा दहा वेळा लिहायला लावली, तर एखाद्याला फायदा होईल, बाकीच्यांचे हात दुखतील.

याहून अवघड प्रसंग बोलीचा. वऱ्हाडातले किंवा खानदेशातले मूल पुस्तकातला ‘डोळा’ पाहते आणि ‘डोया’ वाचते. ही वाचनाची चूक आहे का? मुळीच नाही. मुलाने अक्षरे ओळखली, शब्द ओळखला, अर्थ ओळखला आणि तो आपल्या घरच्या उच्चारात सांगितला. वाचनात याहून वेगळे काय करायचे असते? तिथे शिक्षकाने ‘डोया नाही, डोळा’ म्हणून थांबवले, की मुलाला एकच कळते: इथे अर्थ लावायचा नसतो, सरांसारखे म्हणायचे असते. घरी कोरकू, गोंडी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाची अडचण यापुढची. त्याने ‘कमळ’ बिनचूक वाचले तरी तो आवाज त्याच्या मनातल्या कोणत्याही शब्दाला जाऊन भिडत नाही. पहिल्या मुलाला टोकायचे नसते, दुसऱ्याला मराठी आधी कानांवर पडू द्यायची असते. ही जाण डी. एड. करून, पाठ्यपुस्तक हाती घेऊन आपोआप येत नाही. ती कुठेतरी लिहिलेली असावी लागते, आणि कुणाशी तरी बोललेली.

इंग्रजी जगातले संशोधन आहे की, असे कुणी म्हणेल. आहेच, आणि त्यातले बरेच उपयोगाचे आहे. पण तिथला मोठा वाद, म्हणजे सुटे ध्वनी शिकवून सुरुवात करायची की पूर्ण शब्दांपासून, हा २६ अक्षरांच्या आणि लहरी स्पेलिंगच्या भाषेतून उपजलेला आहे. आपली अडचण निराळी. आपल्याकडे व्यंजने आणि बाराखडी यांचाच हिशेब चारशेच्या वर जातो आणि जोडाक्षरे पुढे उभीच असतात. कन्नड मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात दिसले, की एवढा मोठा अक्षरसंच आत्मसात करायला मुलांना प्राथमिक शाळेची बरीच वर्षे लागतात. सगळी मुळाक्षरे, मग सगळी बाराखडी, मग जोडाक्षरे आणि शेवटी गोष्ट, या क्रमाने गेले तर अर्थाची पाळी येईपर्यंत मुलाचा वाचण्यातला रस संपून जातो. म्हणूनच थोडी अक्षरे आणि एकदोन स्वरचिन्हे एकत्र घेऊन लगेच शब्द वाचायला देणारी रचना मराठी पाठ्यपुस्तकांनी स्वीकारली. ती का स्वीकारली, हे ज्या शिक्षकाला उलगडून सांगितलेले नाही, तो पुस्तक मिटून फळ्यावर ‘क’ ते ‘ज्ञ’ लिहितो. त्याला दोष कसा द्यायचा?

पद्धतीमागचे कारण न पोहोचता नुसते रूप पोहोचले की काय होते, हे महाराष्ट्राने दहा वर्षांपूर्वी पाहिले. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने चांगले काम उभे राहिले. राज्यभरातून हजारो शिक्षक ते पाहायला गेले. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर गावोगावच्या वर्गांत फरशीवर अक्षरे, आकडे आणि चौकटी रंगवल्या गेल्या. काही शाळांत त्यांतून खरेच शिकणे घडले, आणि काही शाळांत फक्त रंगकाम.

यावर शिक्षकांकडूनच येणारा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: वाचायला, विचार करायला वेळ कुठे आहे? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्यांपुरतीच अशैक्षणिक कामांना मुभा दिली, पण मतदारयाद्या आणि रोजच्या ऑनलाइन माहितीचा पसारा त्या मुभेत कसा मावतो, ते बसवणाऱ्यांनाच ठाऊक. द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन इयत्ता एकाच वेळी सांभाळणाऱ्या शिक्षकाला आणखी एक पुस्तिका म्हणजे आणखी एक ओझे. हे मान्य करूनच बोलायला हवे. पण वेळ नव्याने शोधण्याची गरज नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचे व्यावसायिक शिक्षण सुचवले आहे. आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या केंद्र शिक्षण परिषदा भरतातच. तो वेळ परिपत्रके वाचून दाखवण्यात आणि माहितीचे तक्ते भरून घेण्यात जात असेल, तर तो मोकळा करणे खात्याच्याच हाती आहे.

दुसरा आक्षेप कार्यालयातून येतो. शिक्षकाला एवढे कशाला समजायला हवे? दिवसवार पाठ लिहून द्या, काय बोलायचे ते शब्दशः द्या, तो तसे करेल. हा विचार अगदीच टाकाऊ नाही. १३ देशांतल्या १९ शिक्षक-मार्गदर्शिकांच्या एका तुलनेत अशा पुस्तिकांनी मुलांचे शिकणे सुधारते, असे दिसले. पण त्याच तुलनेत हेही दिसले, की प्रत्येक वाक्य लिहून देणाऱ्या पुस्तिकांपेक्षा आटोपशीर आणि शिक्षकाला थोडी मोकळीक देणाऱ्या पुस्तिका जास्त उपयोगी पडल्या. आमच्या द्विशिक्षकी शाळांत तर इयत्तावार, दिवसवार संहिता पहिल्याच सोमवारी कोलमडेल. राहिला तिसरा आक्षेप: आमचे जुने मास्तर पाटीवर ‘ग म भ न’ गिरवून घेत आणि मुले शिकत. जी शिकली त्यांनी आठवणी लिहिल्या. जी दुसरी-तिसरीत शाळा सोडून गेली, त्यांच्या आठवणी छापल्या गेल्या नाहीत.

शिक्षकांसाठी मराठीत लिहिण्याची परंपरा आपल्याकडे नाही असेही नाही. एकोणिसाव्या शतकात शिक्षण खात्याच्या शालापत्रकाचे संपादन विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी केले. ताराबाई मोडकांनी ‘शिक्षणपत्रिका’ चालवली. आज पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळे येथून काम करणारी ‘क्वेस्ट’ ही संस्था प्रत्यक्ष वर्गांतून मराठी वाचन-लेखनाचे साहित्य घडवते आहे. त्याच वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये गेल्या दशकात तीन वर्षे मुलांच्या साक्षरतेचा मागोवा घेणारा अभ्यासही झाला. माहिती आहे, ती संस्थेच्या कार्यालयातून केंद्र परिषदेच्या खोलीपर्यंत येत नाही, एवढेच.

ती आली तर तिथले दोन तास कसे असतील, याची कल्पना करणे अवघड नाही. केंद्रातल्या तीन शिक्षकांनी आपापल्या वर्गातल्या एकेका मुलाचे वाचन मोबाइलवर, नाव न घेता, नोंदवून आणलेले. सगळे ऐकतात. ‘माग्र’ ऐकू येताच कुणी म्हणते, जोडाक्षरे कच्ची आहेत. कुणी म्हणते, नाही, ‘चक्र’ तर त्याने बरोबर वाचले. मग रफारापुरताच घोळ आहे का, हे पाहायला ‘सूर्य’, ‘गर्दी’, ‘दोर्‍या’ असे शब्द कागदावर लिहिले जातात आणि पुढच्या महिन्यात ते त्याच मुलाकडून वाचून घ्यायचे ठरते. समोर पंधरा-वीस पानांची एक पुस्तिका, जिच्यात प्रत्येक पानावर मराठी मुलांची एक नेहमीची चूक, तिचे कारण आणि करून पाहण्यासारखे दोन-तीन उपाय. प्रत्येक पानाचा उरलेला अर्धा भाग कोरा ठेवावा. पुढच्या महिन्यात ‘दोर्‍या’चे काय झाले, ते तिथे लिहायचे आहे.