लाज नावाची की नाल्याची?

रोगजंतूला राष्ट्रीयत्व नसते. परंतु त्याच्या एका जनुकाला राजधानीचे नाव मिळताच या देशाच्या राज्यकर्त्यांचा राष्ट्राभिमान मात्र खडबडून जागा झाला होता. २००८ साली स्वीडनमधील भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या मूत्रात क्लेब्सिएला जातीचे जिवाणू सापडले. त्यापूर्वी त्याने नवी दिल्लीत रुग्णालयीन उपचार घेतले होते. अन्य प्रतिजैविके हरली म्हणजे अखेरचे शस्त्र म्हणून जी वापरावयाची, त्या कार्बापेनेम गटातील औषधांनाही हे जिवाणू दाद देत नव्हते. त्या औषधांचे रेणू फोडून टाकणारे एन्झाइम त्यांच्यापाशी होते. २००९ साली संशोधकांनी त्याला ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’ म्हणजेच एनडीएम-१ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी मद्रास विद्यापीठातील कार्तिकेयन कुमारसामी व त्यांच्या देशी-विदेशी सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात दाखवून दिले की, हे जनुक बाळगणारे जिवाणू चेन्नई व हरियाणापासून ब्रिटनपर्यंत पसरले आहेत.

यावर सरकारने काय केले? देशातील रुग्णालयांची तपासणी सुरू करण्याआधी नावाचा निषेध केला. भारतातील वैद्यकीय पर्यटनाचा धंदा बुडविण्याचा हा परकीय डाव असल्याचे आरोप झाले. रोगाला किंवा जनुकाला शहराचे नाव देऊ नये, हे म्हणणे गैर नव्हते. ‘लॅन्सेट’च्या संपादकांनी जानेवारी २०११ मध्ये त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली, आणि नव्या रोगांना स्थळांची नावे देऊ नयेत असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ साली सांगितले. नावाची लढाई अशा रीतीने जिंकली गेली. पण जनुकाचे काय? नाव पुसल्याने त्याचा प्रसार थांबणार होता काय?

त्याचे उत्तर एप्रिल २०११ मध्येच मिळाले. दिल्लीतील रस्त्यांवर साचलेल्या व नाल्यांतून वाहणाऱ्या पाण्याचे १७१ आणि सार्वजनिक नळांच्या पाण्याचे ५० नमुने संशोधकांनी तपासले होते. साचपाण्याच्या ५१ नमुन्यांत आणि नळाच्या दोन नमुन्यांत एनडीएम-१चे जनुक आढळले. म्हणजे हा प्रश्न आता रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागापुरता राहिला नव्हता. ज्या वस्तीत सांडपाण्याची आणि पिण्याच्या पाण्याची वाहिनी एकमेकींना खेटून जाते, तेथील माणसाच्या घोटापर्यंत तो आला होता. तरीही अधिकाऱ्यांनी हिरिरीने चर्चा केली ती नमुने परवानगीवाचून देशाबाहेर कसे गेले, याची.

मुंबईतही हेच घडले. २०११ च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी, उपलब्ध असलेल्या व तपासता आलेल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण जगापुढे मांडले. आरोग्य खात्याने आक्षेप घेतला तो ‘पूर्णतः औषधप्रतिरोधी’ या शब्दावर. ही संज्ञा जागतिक आरोग्य संघटनेला मान्य नाही म्हणून! रुग्ण अंथरुणावर खोकत होते आणि शासन शब्दकोश चाळत होते.

औषधांचा प्रतिरोध हा काही जंतूंचा चमत्कार नव्हे. कोट्यवधी जिवाणूंच्या गर्दीत एखाद्यापाशी औषधाला तोंड देण्याचे सामर्थ्य असतेच. औषध आले की दुबळे मरतात, तो समर्थ उरतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्याचीच प्रजा वाढते. शिवाय एनडीएम-१सारखी जनुके प्लाझ्मिड नावाच्या सुट्या वर्तुळाकार डीएनएवर असतात. एका जातीचा जिवाणू ती दुसऱ्या जातीच्या जिवाणूस सहज देऊ शकतो. तेव्हा जेथे औषध आणि मैला सतत एकत्र येतील, तेथे प्रतिरोधाची शाळाच भरते. मग ही शाळा चालविणारे कोण, हा प्रश्न अटळ ठरतो.

हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे त्याचे एक उत्तर सापडते. तेथील सुमारे नव्वद औषध कारखान्यांचे सांडपाणी एका सामायिक केंद्रात शुद्ध होते, असे मानले जात होते. २००७ साली स्वीडनच्या योआकिम लार्सन व सहकाऱ्यांनी त्या केंद्रातून बाहेर पडणारे, ‘शुद्ध’ झालेले पाणी तपासले. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत भरले. हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. दिवसाला सुमारे ४५ किलो सिप्रोफ्लॉक्सासिन त्या पाण्याबरोबर वाहून जात असावे, असा हिशेब निघाला. ज्या गावाने एक गोळी विकत घेतली नाही, त्या गावाच्या ओढ्याला औषधाचा अखंड डोस मिळत होता. युरोप-अमेरिकेच्या बाजारात स्वस्त गोळी पोहोचते तेव्हा तिच्या किमतीतून वगळलेला खर्च कोण भरतो, हे येथे दिसते.

शासनाला हे ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानेच एक मसुदा प्रसिद्ध केला आणि औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात कोणते प्रतिजैविक किती असू शकेल, याच्या मर्यादा त्यात नमूद केल्या. जगात असे धाडस करणारा पहिला देश म्हणून भारताचे कौतुकही झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा नेमक्या त्या मर्यादा गळून पडल्या होत्या. एनडीएम-१च्या वेळी दुखावलेला राष्ट्राभिमान या प्रसंगी कोठे होता? नाव परक्यांनी दिले तर अपमान, आणि नाल्यात विष देशी कारखानदारांनी सोडले तर उद्योगवाढ, हे कोणत्या राष्ट्रवादाचे तर्कशास्त्र आहे?

शासनाने व उद्योगाने दोष ठेवण्यासाठी मात्र एक सोयीचा मनुष्य केव्हाच शोधून ठेवला आहे. तो म्हणजे औषधाचा क्रम अर्ध्यावर सोडणारा अडाणी रुग्ण. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेचा धोका सांगितला होता, आणि तो खराही होता. परंतु नाक्यावरचा रोजंदारीचा मजूर औषधाच्या दुकानातून पाच दिवसांऐवजी दोन दिवसांच्या गोळ्या घेतो, तो अज्ञानामुळे की तिसऱ्या दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून? त्याला चिठ्ठी देणाऱ्यांची तरी स्थिती काय? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत धारावीतील १०६ खाजगी डॉक्टरांनी क्षयासाठी ६३ निरनिराळ्या उपचारयोजना लिहून दिल्या. त्यांपैकी फक्त सहा डॉक्टरांच्या चिठ्ठ्या बरोबर होत्या. सार्वजनिक दवाखाना जेथे माघार घेतो, तेथे जंतू आगेकूच करतो. दुकानाच्या भिंतीवर ‘गोळ्यांचा क्रम पुरा करा’ असे फलक लावून ही जबाबदारी झटकता येणार नाही.

नवी औषधे येतील आणि विज्ञान मार्ग काढील, असा दिलासा काही जण देतात. विज्ञान मार्ग काढील. बाजार तो अडवून धरील, ही खरी अडचण आहे. नवे प्रभावी प्रतिजैविक शक्य तितके कमी वापरावे, जपून ठेवावे, यातच समाजाचे हित असते. कंपनीचे हित ते शक्य तितके जास्त विकण्यात असते. हा विरोध एखाद्या कारखानदाराच्या दुष्टपणातून नव्हे, नफ्याच्या नियमातून उद्भवतो. अमेरिकेतील अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिनला जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली; एप्रिल २०१९ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. नोव्हार्टिससारख्या बलाढ्य कंपनीने २०१८ सालीच प्रतिजैविकांच्या संशोधनातून अंग काढून घेतले. औषध यशस्वी झाले आणि कंपनी बुडाली! माणूस वाचविणारे संशोधन ज्या व्यवस्थेत तोट्याचे ठरते, त्या व्यवस्थेच्या हाती ते ठेवणे हाच मोठा धोका होय. २०१९ या एका वर्षात औषधप्रतिरोधी जिवाणूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे. बाजाराच्या जमाखर्चात या आकड्याला रकाना नाही.

महाराष्ट्राला याहून वेगळा मार्ग एकेकाळी परिचित होता. पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे साहाय्य त्यामागे होते. तेथील प्रयोगशाळेने हमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक स्वतः शोधून काढले. त्या कारखान्याचे सारेच काही आदर्श होते, असे कोणी म्हणणार नाही. नोकरशाहीचा गंज त्यालाही चढला. पण गंज काढण्याऐवजी शासनाने काय केले? डिसेंबर २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने देणी भागविण्यासाठी त्याची जादा जमीन विकण्याचा निर्णय घेतला. जेथे औषधे शोधली गेली, तेथे शासनाला दिसले ते जमिनीचे मोल.

म्हणून मागणी साधी आहे. कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या मर्यादा कायद्याने बंधनकारक कराव्यात आणि त्यांच्या तपासणीचे आकडे कारखानावार, दर महिन्याला लोकांपुढे ठेवावेत. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने प्रतिरोधी जिवाणूंची नोंद प्रसिद्ध करावी. नव्या प्रतिजैविकांचे संशोधन सार्वजनिक पैशाने व्हावे आणि त्याचे फलितही सार्वजनिक मालकीचे राहावे. जिल्ह्याच्या ठिकाणी जिवाणूंची परीक्षा करणारी प्रयोगशाळा असावी, म्हणजे डॉक्टर अंदाजाने नव्हे, पुराव्याने औषध देईल. अप्रिय सत्य सांगणाऱ्या संशोधकाला देशद्रोही ठरविण्याची खोड राज्यकर्त्यांनी सोडावी. त्याने देशाचे नाव खराब केलेले नसते. खराब झालेले पाणी त्याने फक्त दाखविलेले असते.

जंतू रोज शिकत आहेत. सतरा वर्षे असोत की सत्तर, त्यांना घाई नाही. त्यांची पिढी वीस-पंचवीस मिनिटांतही बदलू शकते. शासनकर्त्यांची मात्र पाच-पाच वर्षांनी बदलते, आणि तरीही काही शिकत नाही.